आबांचे तेरा तास

रवि. १ डिसेंबर १९७४

सकाळी लिंबाळ्याला, मारुतीच्या पारावर बैठक. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चारी नंबर सातचे चोवीस खातेदार, त्यातले आले एकोणीस. वरून आलेलं परिपत्रक वाचून दाखवलं. यंदा रब्बीला पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू करायची. आधी चारीच्या शेवटचं शेत, मग एकेक वर सरकत, कालव्याला लागून असलेलं सगळ्यात शेवटी. एकराला ठरलेला वेळ, मिनिटभर जास्त नाही. पहिली पाळी प्रयोग म्हणून. दुसरी मात्र चोवीसच्या चोवीस सह्या आल्या तरच. नाहीतर पुन्हा जुनी रीत: आधी वरचा, उरलं तर खालचा.

वरचा म्हणजे बळीराम आबा. बारा एकर, कालव्याला खेटून. सिद्धेश्वर धरणाचं पाणी आल्यापासून पहिला ओलावा त्यांच्या रानात. म्हणाले, "साहेब, सारी दुनिया डोक्यावरून अंघोळ करून राहिली. सरकारच काहून पायापासून सुरू करून राहिलं?" सगळे हसले. मीही.  उत्तर आत्ता सुचतंय, त्याचा काय उपयोग.

खरा घोळ वेळेचा. गावात घड्याळं चार, त्यातलं एक आबांचं. शेपटाची चार एकर भागूबाईची. (नवरा आहे, पण बोलण्याचं खातं तिच्याकडे.) ती म्हणाली, "आबाचं घड्याळ आबाचंच ऐकतं." माझ्या घड्याळावर चालवू म्हटलं तर आबा, "तुमी काय रातंदिस बांधावर बसनार हाव?" तेही खरं. ग्रामसेवक म्हणून माझ्याकडे पाच गावं.

ठरलं काही नाही. चहा मात्र दोनदा.

मंगळ. ३ डिसें.

जोशीकाकांनी तोडगा काढला. लग्नात मुहूर्तासाठी ते घटकापात्र लावतात. तांब्याची वाटी, तळाला केसाएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की सावकाश भरते आणि बुडते. बुडली की घटका झाली, चोवीस मिनिटं. तेच पाळीला लावायचं. एकराला चार घटका. दर घटकेला मडक्यात एक चिंचोका. खातेदाराचे चिंचोके भरले की रुळाच्या तुकड्यावर टोल, आणि पाणी पुढच्याला. मोजायला दिवसा काका, रात्री ज्याची पाळी त्याच्याशिवाय दुसरे दोघे.

वाटी कुणाच्या नात्यातली नाही, हे गावाला फार पटलं. आबांनीही वाकून वाटी बघितली.

काकांनी वाटी माझ्या हातात दिली. सहज. "धरा हो खिल्लारे साहेब, उजेडाकडे करून बघा भोक दिसतंय का." पार, मारुती, समोर वीसेक माणसं. मी धरली. तांब्याच्या तळाशी उजेडाचा एक ठिपका. गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो असेन. आमच्या गावच्या पाराच्या सावलीलाही वडिलांना...

असो. घड्याळ लावून तपासली. चोवीस मिनिटांना दहा सेकंद कमी. चोख.

शुक्र. ६ डिसें., हिंगोली

महापरिनिर्वाण दिन. शांता, दोन्ही मुली, सगळ्यांचे पांढरे कपडे. वंदनेला गर्दी. संध्याकाळी शां.ला वाटीची गोष्ट सांगितली. ती शाळेत गणित शिकवते, तिला भोकाचा व्यास हवा होता. नंतर म्हणाली, "त्यांनी वाटी धरायला दिली याचा इतका आनंद? त्रेचाळीस वर्षांचे आहात. बी.ए. आहात."

आनंद झाला हे खरं. का व्हावा, हे विचारण्याचा अधिकार तिला आहे. मी स्वतःला विचारलं नव्हतं.

रवि. ८ डिसें.

सकाळी सहाला चारीत पाणी सोडलं. वरच्या शेतांत पाणी वळवायचे सगळे नाके बंद. मी शेपटाला जाऊन उभा. कोरडी चारी, तळाला भेगा, त्यात सरडे. साडेआठला आधी पालापाचोळा सरकत आला, मग फेस, मग पाणी. भागूबाई वाकून बघत होती. "साह्यब, हे आमचंच हाय ना? का कोनाचं वाट चुकून आलं?"

म्हटलं, तुमचंच.

नवरा म्हणाला, "आलं." दिवसभरात त्याचा एवढाच शब्द ऐकला.

तिने गव्हात पाण्यासाठी सारे, म्हणजे अरुंद पट्टे, आधीच पाडून ठेवले होते, ओळंब्यात धरल्यासारखे सरळ. सोळा घटकांत चारही एकर भिजले, वर थोडं उरलं. कालवा झाल्यापासून या रानात पहिल्यांदा. लोक बघायला आले होते, बारशाला यावं तसे. गूळ वाटला तिने. शेवटी मलाच दटावलं, "एका पान्यानं गहू न्हाई येत, साह्यब. म्हैन्याच्या आत दुसरं पायजे. न्हाई तर हेबी वाया." माहीत आहे. म्हणूनच तर सह्या.

घटकापात्र आता चारीच्या बांधावर, बाभळीखाली, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आहे. काकांची सून घंगाळासाठी विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. मी म्हटलं, प्यायचं पाणी कशाला वाया घालवता, चारी समोर वाहतेय, तिचंच घ्या. तिचा फेरा वाचला, विहिरीचं पाणी वाचलं. काटकसरीचं खातं शोभतं आपल्याला.

बुध. ११ डिसें.

उत्तम चाललंय. पूर्वी रानात पाणी सोडायचं आणि लिंबाखाली तंबाखू मळत बसायचं. आता फावडं हातातून सुटत नाही. ज्यांनी सारे पाडले नव्हते ते शेजाऱ्याचे बघून रातोरात पाडतायत. पाच वर्षं पत्रकं वाटली, भिंती रंगवल्या, 'पाणी जपून वापरा' लिहिलं. जे भिंतीने केलं नाही ते चिंचोक्याने केलं.

काल तीन चिंचोके कमी भरले. रात्री मोजायला बसलेल्या एका म्हाताऱ्याने चघळले असा संशय. त्याचं म्हणणं, "भाजलेले असते त सगळेच खाल्ले असते." काका वहीत रेघाही ओढतात, त्यांवरून हिशेब जुळवला.

शुक्र. १३ डिसें.

चारीच्या मध्यावर रहीमभाईंची तीन एकर हळद. माझ्या अंदाजाने त्यांची पाळी सकाळी अकराला संपायला हवी होती. संपली चारच्या पुढे. नाके फोडायला, बांधायला वेळ जात असणार, किंवा चिंचोके. काकांना विचारणार होतो. ते वाटीकडे डोळे लावून बसले होते, अंगावर शाल, अगदी लग्नघरी बसावेत तसे. नाही विचारलं. उगाच वाटायचं, साहेबांचा विश्वास नाही.

सोम. १६ डिसें.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी सहाला कालवा बंद. तेवीस खातेदार पूर्ण भिजले. आबांच्या बारा एकरांपैकी भिजले चार.

आबा बांधावर उभे. "माहे अठ्ठेचाळीस चिंचोके. मडक्यात सोळा पडले. बाकीचे काय आभाळात गेले?" लोक हसले. कुणी म्हणालं, "आबा, इतकी वर्सं आमी हेच इचारून राहिलो." भागूबाई सगळ्यात मोठ्याने हसली. मीही तोंड वळवून हसलो. मग म्हटलं, तुमच्याच नाक्यावर गळती असेल, आबा.

नाका मी बघितला नव्हता.

साप्ताहिक अहवाल पाठवून दिला: 'प्रयोग यशस्वी.'

मंगळ. १७ डिसें.

झोप नीट लागली नाही. सकाळी उठून आबांचा नाका बघितला. एक थेंब गळत नाही.

मग बाभळीखाली गेलो. घंगाळ तसंच होतं. वाटी सोडली, घड्याळ हातात घेतलं. चोवीस मिनिटं झाली, वाटी तरंगतेय. पंचवीस. सव्वीस. बुडाली साडेसत्तावीसला. पुन्हा लावली. साडेसत्तावीस. उजेडाकडे धरली. ठिपका होता त्याच्या निम्मा. कडेने गाळ, वाळून सिमेंटसारखा.

चारीचं पाणी. माझंच सांगणं.

म्हणजे दर दिवसाला घटका थोडी थोडी लांबत गेली. शेपटाला बरोबर चोवीसची मिळाली. मधल्यांना पंचवीसची, सव्वीसची. सगळ्यांना थोडं थोडं जास्त, आणि ते सगळं शेवटच्या माणसाच्या वाट्यातून. कागदावर मांडलं. आबांचे जवळपास तेरा तास गेले.

तेरा तारखेची नोंद वर आहे. तेव्हाच दिसलं होतं. मनगटावर घड्याळ होतं. का तपासलं नाही? काकांना वाईट वाटेल म्हणून, असं लिहिलंय. पूर्ण खरं नाही ते. ज्या वाटीने मला पारावर उभं केलं तिच्यावर शंका घेणं माझ्याच जिवावर आलं. उपकार मानण्याच्या नादात काम विसरलो.

बुध. १८ डिसें., हिंगोली

शां.ला सगळं सांगितलं. तिने आकडे पुन्हा मांडले. माझ्यापेक्षा दहा मिनिटं जास्त निघाली.

मी म्हटलं, हे जाहीर केलं तर प्रयोगाचं हसं होईल. आबा सही करणार नाहीत, जुनी रीत परत येईल, भागूबाईचा गहू जाईल. आणि कुणासाठी? ज्याने आजवर सगळ्यांचं पाणी ओढलं त्याच्यासाठी.

"न बोललात तर आबा सही करतील?"

"नाही."

"मग लपवून नेमकं काय वाचवताय?"

 जेवायला वांग्याचं भरीत होतं. दोनदा घेतलं. काळजी करत असलो तरी भूक कमी होत नाही, हा माझा जुना दोष.

शुक्र. २० डिसें.

आधी काकांना सांगायचं ठरवलं. माझी चूक असली तरी वाटी त्यांच्या आजोबांपासूनची. त्यांनी वाटी पाहिली आणि हसायलाच लागले. "अहो, लग्नात दोन नाही तर तीन घटका. तेही विहिरीचं गाळलेलं पाणी. आठ दिवस अहोरात्र मुहूर्त कुणी शोधलाय आजवर?" मग गंभीर झाले. "मी समोर बसून होतो, साहेब. वाटीकडेच बघत होतो. पण घटका लांबली की मन आपलं म्हणतं, आज जरा कंटाळा आलाय."

घोड्याच्या शेपटीचा केस ओवून भोक साफ करतात. तो त्यांनी डबीतून काढला. मी म्हटलं, थांबा. रविवारी सगळ्यांसमोर करू.

बी.डी.ओ. कचेरीला अहवालाची दुरुस्ती टपालाने पाठवली. 'यशस्वी' खोडून काय लिहावं कळेना. शेवटी घडलं तेच लिहिलं, दीड पान.

रवि. २२ डिसें.

बैठक. चोवीस हजर. वाटी साफ न करता तशीच लावली, गावातली चारही घड्याळं शेजारी ठेवली. साडेसत्तावीस. (आबांचं घड्याळ सव्वासत्तावीस.) मग काकांनी केस फिरवला. पुन्हा लावली. चोवीस.  वाटी बुडताना 'बुडुक' ऐकू आलं.

म्हटलं, चारीचं पाणी घालायला मी सांगितलं. तपासायला हवं होतं, तपासलं नाही. आबांचे तेरा तास गेले, आणि सोमवारी मी हसलो. तेही चुकलं.

रहीमभाई: "यानी आबाचं पानी हमारे खेतों में गया, सीधी बात हाय. माही एक घटका जास्तीची निघते. मी परत देतो."

मधले दोघे-तिघे उसळले. "जिरलेलं पानी परत मागता का? आमी काय गाळ घातला व्हता?"

 भागूबाई पदर सावरत म्हणाली, "आमचं त कमी न्हाई, जास्त न्हाई. पर आबाचं ऱ्हायलं, हे खरं हाय. हसायला नको व्हतं मी."

आबा उठले. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "आजवर गावानं मला पानीचोर म्हनलं. कधी खरं व्हतं, कधी न्हाई. एकडाव माही चोरी झाली, त समदे हसले. तुमी खरं बोलले साहेब, बरं झालं."

"मग सही, आबा?"

"सहीचं कुटं निघालं यात?"

निघून गेले. बाकी तेवीस सह्या झाल्या. उसळलेल्यांच्याही, कुरकुरत. मधल्यांपैकी नऊ जण जास्तीच्या घटका परत द्यायला तयार. उरलेले 'पाहू' म्हणतात. नऊ जणांच्या मिळून जेमतेम चार तास.

शुक्र. २७ डिसें.

कचेरीत विचारलं. तेवीस चालणार नाहीत. दोन जानेवारीपर्यंत चोविसावी आली तर पाच तारखेला दुसरी पाळी शेपटाकडून. नाहीतर वरून.

फॉर्मच्या खाली शेरा लिहायची जागा असते. 'सर्वानुमते' असं लिहिलं. बघत बसलो. छान अक्षर आलं होतं. खोडलं. आता तिथे खाडाखोड आहे आणि तिच्याशेजारी माझी सही घालावी लागली. एवढ्याशा मोहाचाही कागदपत्री पुरावा राहतो.

भागूबाई वाटेत भेटली. आबांकडे जाऊन आली म्हणे. "काय बोलले?" "मी हुरडा नेला व्हता. खाल्ला. भाजला चांगला म्हनले. बाकी काई न्हाई."

मंगळ. ३१ डिसें.

आबा स्वतः क्वार्टरवर आले. दारात उभे, आत या म्हटलं तर आले, पाणी दिलं तर प्यायले. पहिल्यांदाच. मी या गोष्टी मोजणं बंद करणार होतो.

"साहेब, ते शेपूट शेपूट म्हनता. कुटं येतं ते?"

मला आधी थट्टा वाटली. मग कळलं, खरंच विचारतायत. अडीच किलोमीटरची चारी. कालव्यापासून आपल्या बांधापर्यंत त्यांना ठाऊक. त्याच्याखाली कधी गेलेच नाहीत. "कामच काय पडलं व्हतं तिकडं?"

उद्या नेतो म्हटलं.

बुध. १ जानेवारी १९७५

सकाळी आबा, मी, चालत. थंडी चांगली. आबांच्या अंगावर घोंगडी, हातात काठी, प्रत्येक शेतावर शेरा. "हे सारे तिरके." "ह्याची हळद झकास हाय, रहीमची ना?" "ह्यानं मेंदूबी पेरला असता त उगवला नसता."

भागूबाई गव्हात खुरपत होती. "आबा, वाट चुकले का?"

"वाट असली त चुकंल मानूस."

गहू वीतभर, रंग अजून चांगला. पण जमिनीने वरून पापुद्रे धरायला सुरुवात केली आहे. आबांनी बोट खुपसलं, माती चिमटीत चोळली, वास घेतला. भागूबाई बघत होती. 

"आठ दिस," आबा म्हणाले. "जास्तीत जास्त. मंग न्हाई."

"मलाबी तेच वाटलं," ती म्हणाली.

मग ते चारीत उतरले आणि एकदम चिडले. तळाला लव्हाळा माजलेला, गुडघाभर. "हे काय? पाव पानी त हे गवतच पिऊन राहिलं. चारी अशी ठेवतात का, बाई?"

"पानीच येत नव्हतं त साफ कोनासाठी करू? उंदरांसाठी?"

 आबांनी घोंगडी काढून बांधावर ठेवली, काठी तिच्यावर. खाली बसले आणि उपटायला लागले. मुळासकट, झटका देऊन, उपटल्यावर माती झाडून. साठीचा माणूस. भागूबाईचा नवरा कुठूनसा आला, समोर बसला. मग ती. मग मीही पँट दुमडली. दुपारपर्यंत चौघांनी शे-दीडशे पावलं साफ केली. आबा कामात फार टोचून बोलतात. माझ्या उपटण्याला 'कॉलेजची पद्धत' म्हणाले, कारण मुळं आत राहत होती.

जेवणाच्या वेळी भाकरी, ठेचा. फॉर्म माझ्या पिशवीत. खूप वेळ धीर झाला नाही. शेवटी म्हटलं, "आबा, ती सही..."

दोन्ही हात पुढे केले त्यांनी. "चिखल दिसत न्हाई का? कागद खराब व्हईल." आणि पुन्हा चारीत उतरले.

परतताना त्यांच्या घराजवळ आलो तेव्हा दिवस मावळत होता. हात धुतलेले होते. पेन माझ्या खिशात होतं. विचारलं नाही. का, ते अजून कळलेलं नाही. भीती असेल, किंवा आजच्या दिवसाला फॉर्मची सोबत नको वाटली असेल. दोन्ही असेल.

उद्या एकच्या गाडीने कागद हिंगोलीला गेला पाहिजे. चोविसावी जागा कोरी. आबांनी दारातून सांगितलं, "सकाळी लवकर या. आन् ते घंगाळ कोन भरनार हाय, ते आधी ठरवा."